मुराळ्याची गाडी आणि चार चकत्या

हितेंद्रच्या गाडीला मागे धूर सोडायची दोन तोंडं होती आणि त्यातलं एक नुसतं शोभेचं होतं. हे त्याला गाडी घेतल्यावर कळलं, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. माणसालासुद्धा काही गोष्टी शोभेपुरत्याच दिलेल्या असतात, असं तो म्हणाला. नूतनने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या मिशांकडे एकदा पाहिलं आणि विषय तिथंच सोडून दिला.

गाडी जुनीच, नाशिकच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडून घेतलेली. निळी, बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. पण इंजिन असं की ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला तरी पाठ सीटला चिकटावी. ब्रेकही त्याच तोलाचे, चाकांआडून लालभडक दिसणारे. हितेंद्र स्वतः जळगावात पाटबंधारे खात्यात आरेखक होता. कागदावर कालवे काढायचे हे त्याचं काम. त्यात पाणी सोडायचं काम दुसऱ्यांचं, आणि त्या दुसऱ्यांची तोवर बदली झालेली असे. इतकी वर्षं न वाहणारं पाणी काढून काढून त्याला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची सवय लागली होती. भाजी आणायला गेला तरी तो मनाने कुठल्या तरी घाटात असे आणि घरी येताना मेथीऐवजी शेपू घेऊन येई.

आता आखाजीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी लोक त्या दिवशी सोनं घ्यायला जातात. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, आंब्याचा रस होतो, आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची मातीची घागर भरून पुजतात. लेकीने आपलं आपण यायचं नसतं. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. हितेंद्रची आत्या, आमच्या बोलीत फुई, भिकुबाई तिचं नाव, साक्रीच्या पुढे एका खेड्यात राहायची. तिचा मुराळी जन्मभर एकच, तिचा भाऊ गिरधरआबा, म्हणजे हितेंद्रचे वडील. ते सायकलवर गेले, मोटारसायकलवर गेले, गुडघे गेल्यावर एसटीने गेले. मग आबाच गेले. आणि पुढच्या आखाजीला फुईला आणायला कोणी जायचं, हे घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या आखाजीला आबांची पहिली घागर भरली. फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर, ताटलीत गहू पसरून त्यावर ठेवली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे ठेवले, हात जोडले, आणि कोणी धक्का न लावता घागर सावकाश कलंडली. फुटली नाही, पण पाणी पार फ्रिजखाली गेलं. नूतनने काही न बोलता पुसून घेतलं. बोलले ते शेजारचे छगन नाना.

"बहीण आली नाही ना. मग गिरधर कसा पाणी पिईल?"

नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तिथे ते हजेरीच्या खिडकीत बसत, पण धातू, यंत्र, स्फोट आणि परलोक या चारही विषयांत त्यांचा शब्द अखेरचा असे. हितेंद्रला ते वाक्य फार लागलं. आबा तहानलेले राहिले, ही गोष्ट त्याच्या मनातून वर्षभर गेली नाही. यंदा फुईला आपण आणायचं, तिच्यासमोर घागर भरायची, असं त्याने ठरवलं.

आणि ठरवलं म्हणजे स्वप्न बघितलं. स्वप्नात संध्याकाळ होती. साक्रीचा रस्ता धुतल्यासारखा, दोन्ही बाजूंना निंबांची सावली, आणि निळी गाडी कालव्यातल्या पाण्यासारखी बिनबोभाट वाहते आहे. शेजारी फुई, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. गावागावांतून बाया दारात येऊन विचारताहेत, कोणाची बहीण चालली ही? हे स्वप्न हितेंद्र कालव्यांच्या नकाशावर डोकं टेकवून पुन्हा पुन्हा बघे. त्यात एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे गाडीची चाकं. स्वप्नातली चाकं रुंद होती, काळी होती, त्यांच्या आऱ्यांमधून ऊन आरपार जायचं. गाडीची खरी चाकं डॉक्टरी होती. स्वच्छ आणि कंटाळवाणी.

धुळ्याला हायवेवर सुपडूचं चाकांचं दुकान आहे. भिंतभर चाकं टांगलेली, खाली गादी, गादीवर सुपडू. स्वप्नातलं चाक त्याच्या भिंतीवर टांगलेलं बघून हितेंद्रला भरून आलं. त्याने चारही घेतली. किंमत नूतनला कळणार नाही अशी सांगायची ठरवली आणि ती तिला दुसऱ्याच दिवशी कळली, तो भाग आपण सोडून देऊ.

चाकं बसवली आणि ती फिरेचनात. चाक इतकं आत शिरलं की आरे त्या लाल ब्रेकना जाऊन टेकले. गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली.

"काही नाही साहेब," सुपडू गादीवरून न उठता म्हणाला, "चाक आत गेलंय. बाहेर काढायचं. स्पेसर टाकू."

स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड गोल चकती, मधे भोक. ती गाडी आणि चाक यांच्या मधे बसते आणि चाकाला जरा बाहेर ढकलते. एवढंच तिचं काम. भांडणाऱ्या दोघांच्या मधे घरातलं एखादं माणूस बसतं ना, तसं. चार चाकांना चार चकत्या लागल्या, लांब बोल्ट लागले, चाकं फिरायला लागली. हितेंद्र गाणं गुणगुणत निघाला.

पारोळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग रस्ता मोकळा मिळाला, वेग वाढला आणि गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. स्टिअरिंग हातात नाचत होतं, आरशात मागचा एक ट्रक दोन-दोन दिसत होता. एरंडोलला चहा प्यायला उतरला तर कपही थरथरत होता. मग लक्षात आलं की ते आपणच आहोत.

छगन नाना सोसायटीच्या पार्किंगमधे उकिडवे बसले, चाकाखाली वाकले आणि बराच वेळ गूढ बसून राहिले. उठता येत नव्हतं हे नंतर कळलं.

"भोक मोठं आहे," ते म्हणाले. "चकती मधोमध बसत नाही. आमच्या फॅक्टरीत असं चाललं नसतं. तोफ वरणगावला ठेवली असती आणि गोळा भुसावळला पडला असता."

हितेंद्र पुन्हा धुळ्याला गेला. सुपडूने लगेच दुसऱ्या चकत्या काढल्या, जणू त्या त्याने याच दिवसासाठी ठेवल्या होत्या. या मात्र अस्सल होत्या. जड, घोटीव, मधलं भोक नेमकं. बोटाने ढकललं की टच्च बसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. हितेंद्रने पहिल्या चार डिकीत टाकल्या, तिथेच राहिल्या असत्या, पण सुपडूने त्या मागून घेतल्या. त्याच्याकडे त्यांना अजून बरंच आयुष्य होतं.

थरथर गेली. आता चाकं बाहेर आली. गाडीच्या अंगाबाहेर, दोन्हीकडे, बोटभर. हितेंद्रला ते फार देखणं वाटे. नूतन म्हणाली, गाडीला तिचे कपडे आखूड होताहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला की तुमची गाडी पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवर येते, एकतर रेघ तुमच्या खर्चाने सरकवा नाहीतर चाकं. आणि हितेंद्र पडला सरकारी नोकर; कायदा मोडायचाच तर रीतसर विचारून मोडावा असा त्याचा स्वभाव. तो रजा टाकून गाड्यांची नोंद होते त्या कचेरीत गेला.

"काय बदल केलाय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"चाकं जरा बाहेर आली आहेत."

"मग आत घ्या."

"आत घेतली तर फिरत नाहीत."

"मग फिरवू नका," बाई म्हणाल्या आणि डबा उघडला. यासाठी वेगळा अर्ज असतो का, असं त्याने अदबीने विचारलं. चाकं बाहेर आल्याचा अर्ज आजवर कोणी आणला नव्हता. साहेबांना विचारावं लागेल, साहेब आखाजीनंतर येतील, असं ठरलं. हितेंद्र बाहेर आला तेव्हा स्वतःच्याच गाडीत बसायला त्याला गुन्हेगारासारखं वाटत होतं.

तरी खरी गंमत रविवारी झाली. नूतन आणि त्यांची मुलगी डिंपल पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसल्या. कॉलनीच्या तोंडाशी गतिरोधक लागला आणि मागून आवाज आला, खर्रर्र. गाडी मागे दबली की टायर वरच्या पत्र्याला घासत होतं. हितेंद्रने तिथूनच सुपडूला फोन लावला.

"मागे कोणी बसतं का साहेब?" सुपडूने विचारलं.

"बायको, मुलगी."

"मग तसं होणार. एकटे बसा, गाडी झकास आहे."

नूतन डिंपलचा हात धरून खाली उतरली, रिक्षा केली, आणि रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "फुईंना आणायला जाणार आहात की गाडीला फिरवायला, ते एकदा ठरवा." जुनी चाकं तिने गच्चीवर नेऊन ठेवली. उन्हाळ्याच्या कुरडया चालू होत्या. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार चाकं, वारा काय करणार? निदान ती चाकं कामाला लागली, असं तिचं मत.

हितेंद्रने मात्र हिशेब मांडला होता. फुई म्हणजे काटकुळी बाई. ती पुढे बसणार. मागे कोणी नाही. दबायचं कारणच नाही. आरेखकाचा हिशेब, कागदावर त्यात काही चूक नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो पहाटेच निघाला. एकट्याने गाडी खरंच झकास होती. पारोळा मागे गेलं, धुळं मागे गेलं, कुसुंब्यापुढे रस्ता उघडा पडला आणि स्वप्न आणि रस्ता यांत फरक उरला नाही. कोवळं ऊन आऱ्यांमधून जात होतं की नाही ते आतून दिसत नव्हतं, पण जात असणार याची त्याला खात्री होती.

फुई ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात रुमाल. आणि तिच्या शेजारी, मागे, ओट्याखाली, दारात पोती होती. तांदळाचं एक, नागलीचं एक, कुरडयांचा पत्र्याचा डबा, नागलीच्या पापडांचा दुसरा, आंब्यांची पाटी, घागरीवर ठेवायला डांगरं, तुरीच्या डाळीचं गाठोडं. माहेरवाशीण माहेरी रिकामी जात नाही. हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हितेंद्रलाही होतं. आबा दर आखाजीला फुईची पोती उतरवायचे ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं. फक्त स्वप्नात पोती नव्हती, म्हणून हिशेबात आली नाहीत.

"फुई, हे सगळं?" तो म्हणाला.

"रित्या हाते भाऊना घर जाऊ का मी?"

"पण थोडं ठेवू. नंतर नेतो मी."

फुईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. "अर्धं मागला सालनं शे रे," ती म्हणाली. "भरी ठेवेल व्हतं."

गेल्या वर्षीचं. भरून ठेवलेलं. हितेंद्रने पहिलं पोतं स्वतः उचललं. फुईची सून सारिका डबे देत गेली, तो रचत गेला. गाडी प्रत्येक पोत्यागणिक खाली बसत गेली. फुईने गाडीभोवती एक फेरी मारली, बाहेर आलेल्या चाकांवरून पदराने धूळ पुसली. "गाडी झ्याक शे," म्हणाली. "पाय मात्र फेंगडा शेत."

तिला पुढे बसायला सांगितलं तर पटेना. जन्मभर मागेच, गाठोड्यांबरोबर बसलेली बाई. पण मागे जागाच नव्हती. ती पुढे बसली, काचेतून समोर रस्ता अंगावर येताना बघितला आणि डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, मग दुसरा.

साक्रीपर्यंत खर्रर्र असा आवाज अधूनमधून येत होता. साक्रीनंतर तो थांबेचना. नेरच्या अलीकडे जळक्या रबराचा वास यायला लागला. फुईने नाक पदरात घेतलं आणि पाहुणीच्या सभ्यतेने काही विचारलं नाही. हितेंद्रने रस्त्याकडेच्या निंबाखाली गाडी थांबवली. मागच्या टायरच्या कडा सोलून निघाल्या होत्या. अजून थोडं गेलं असतं तर फुटलं असतं, आत फुई असताना. त्याने सुपडूला फोन केला.

"स्पेसर काढून टाका," सुपडू म्हणाला.

"मग चाक ब्रेकला लागतं."

"मग सामान काढा."

हितेंद्रने फोन ठेवला. ही चाकं आत आली तरी गाडी चालत नव्हती आणि बाहेर राहिली तरी चालत नव्हती. मधे एकच गोष्ट होती जी काढता आली असती, ती म्हणजे फुईची गेल्या वर्षीची पोती, आणि ती तो मेला तरी काढणार नव्हता. त्याने नूतनला फोन लावला. सगळं सांगितलं, काही न लपवता.

"जुनी चाकं कुरडयांवर आहेत," ती म्हणाली. "नानांच्या पुतण्याची केळीची गाडी आत्ता सुरतेला निघते आहे, चोपड्याहून भरून आलीय. त्यात टाकून आणते. तुम्ही हलू नका. फुईंना पाणी द्या."

दुपार झाली. लू वाहत होती, पण निंबाखाली गार होतं. त्या निंबाला गावातल्या पोरींनी आखाजीचा झोका बांधला होता आणि पोरी जेवायला गेल्या होत्या. फुई झोक्याकडे बघत बसली. मग उठली, दोर ओढून बघितला आणि बसली झोक्यावर.

"दे रे एक झोका," ती म्हणाली.

हितेंद्रने झोका दिला. फुई काही वजनाची नव्हती. झोका सहज गेला, सहज आला. तिने एक गाणं तोंडातल्या तोंडात सुरू केलं, अर्धं विसरली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. निंबाचा बारीक मोहोर तिच्या पदरावर पडत होता. समोर हायवेवर उन्हाने पाणी दिसत होतं, जे तिथं नव्हतं, आणि त्या पाण्यातून ट्रक पोहत येत होते. हितेंद्रला वाटलं, आपल्या सगळ्या स्वप्नांपेक्षा हे जास्त स्वप्नासारखं आहे, आणि गाडी तर उभी आहे.

"मागला साले मी ओटावर बसेल व्हतू," फुई झोक्यावरूनच म्हणाली. "दिवा लागे तवलोंग. सून म्हने, आत ये. मी म्हनं, गिरधर उशीरच ये." तिने पदरावरचा मोहोर झटकला. "इसरी गयथू मी, गिरधर नही शे ते."

आबा नाहीत हे विसरून ती दिवेलागणीपर्यंत त्यांची वाट बघत बसली होती. हितेंद्रने झोका हाताने थांबवला. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आबांची आठवण आली. "फुई, आता मी येत जाईन," तो म्हणाला. फुईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने दोर धरून म्हणाली, "थांबाडू नको. दे झोका."

केळीची गाडी आली तेव्हा नूतन ड्रायव्हरशेजारी बसून होती आणि मागे केळीच्या घडांवर चार डॉक्टरी चाकं पाल्यात निजवून ठेवलेली होती. नूतनने आधी फुईला वाकून नमस्कार केला, मग नवऱ्याकडे बघितलं. "कुरडया उडाल्या तर तुमच्या माथी," म्हणाली, आणि जॅक हातात दिला. ड्रायव्हर, हितेंद्र आणि नूतन यांनी मिळून चाकं बदलली. जुने बोल्ट पोत्यांच्या खाली, डिकीच्या तळाशी होते, म्हणजे सगळं एकदा उतरवून पुन्हा चढवावं लागलं. रुंद काळी चाकं केळीवाल्याने परत येताना जळगावला टाकतो म्हणून नेली. ती सुरतेपर्यंत फिरून आली, हितेंद्रपेक्षा जास्त फिरली. काढलेल्या चकत्या तेवढ्या डिकीत राहिल्या. नूतन कशीबशी पोत्यांत शिरली. गाडी खाली बसली, पण घासली नाही. धुळ्याच्या पुढे संध्याकाळ झाली, फुई पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली, आणि कोणी दारात येऊन विचारलं नाही की कोणाची बहीण चालली ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर आणली. नूतनने ताटली घेतली, गहू पसरले, घागर ठेवली. घागर एका अंगाला झुकली. तिने सरळ केली, ती दुसरीकडे झुकली. हितेंद्रने फडक्याची चुंबळ करून दिली, ती ओली होऊन सरकली. छगन नाना नैवेद्याच्या वेळेआधीच येऊन बसले होते. फरशीचा उतार, भूगर्भ आणि गिरधरचा स्वभाव यांवर बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं.

फुई उठली. डाळीचं गाठोडं अजून डिकीतच होतं म्हणून सकाळी ती खाली गेली होती, आणि तिथे तिने काय पाहिलं ते तिला आठवलं. किल्ली मागून घेतली, जिन्याने सावकाश उतरली, सावकाश चढली. हातात एक स्पेसर. मोरीत नेऊन राखेने घासला, धुतला, पुसला, त्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि फरशीवर ठेवला. घागर उचलून त्यावर टेकवली. मातीचं गोल बूड त्या भोकात टच्च बसलं.

डिंपलने एका बोटाने घागरीला हळूच ढकललं. घागर हलली नाही. आतलं पाणीही हललं नाही.

"फुई, ते गाडीचं आहे," हितेंद्र म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

"व्हतं," फुई म्हणाली. "आते मना भाऊनं शे."

तिने डांगर वर ठेवलं, आंबे ठेवले आणि भावाला पाणी दिलं. नाना मोजमापाबद्दल काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी नुसते डोळे पुसले. हितेंद्र फरशीवर घागरीसमोर मांडी घालून बसला. गेल्या वर्षभरात त्याने गाडीवर जे काही केलं, त्यातली एवढी एकच गोष्ट नीट बसली होती.

रस वाढताना फुईने विचारलं, "पुढला साले येशीन ना?"

"येईन फुई. आधीच येईन."

"कोन्ती बी गाडी लई ये," फुई म्हणाली आणि वाटी पुढे केली. "डिकी मोठी पाहिजे."